दैनंदिन शेतमाल वाहतुकीसाठी छोटे मालवाहू वाहन : डिझेल की पेट्रोल?

भाजीपाला, दूध, फुले आणि फळे यांची रोजची वाहतूक स्वतःच्या वाहनातून करणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या वाढत आहे. पाऊण ते दीड टन माल वाहणारे छोटे मालवाहू वाहन, ग्रामीण बोलीतला ‘छोटा हत्ती’ किंवा ‘पिकअप’, ट्रॅक्टरनंतर अनेक कुटुंबांची सर्वांत मोठी यांत्रिक गुंतवणूक ठरते. त्याचे हप्ते चार-पाच वर्षे चालतात. वाहन निवडताना मात्र इंधनाचा प्रश्न बहुधा एका वाक्यात निकाली निघतो: माल वाहायचा म्हणजे डिझेलच. एके काळी हे वाक्य निर्विवाद खरे होते. आज ते काहींच्या बाबतीत खरे आहे आणि काहींच्या बाबतीत तोट्याचे. या दोन गटांतील फरक कसा ओळखावा, याचे विवेचन येथे केले आहे.

जुना समज कोठून आला?

२०१२ च्या मध्यावर दिल्लीत पेट्रोल लिटरला सत्तर रुपयांच्या पुढे गेले होते, तर डिझेल एकेचाळीस रुपयांच्या आसपास मिळत होते. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले होते. डिझेलवरील नियंत्रण ऑक्टोबर २०१४ पर्यंत टिकले. या मधल्या काळात ज्याने डिझेल वाहन घेतले, त्याची फसगत होण्याची शक्यताच नव्हती. त्यानंतर अंतर आटत गेले. जून २०२० मध्ये तर दिल्लीत काही काळ डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले होते. दरांतील अंतर राज्याच्या करांवर अवलंबून असते आणि ते प्रत्येक राज्यात निराळे आहे, म्हणून शेजारच्या राज्यातील नातेवाइकाचा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही.

दुसरा बदल १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ या उत्सर्जन मानकांनी घडवला. पेट्रोल इंजिनाला या मानकांत बसवणे तुलनेने सोपे होते. डिझेल इंजिनाला मात्र काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड यांसाठी नवी, महागडी यंत्रणा जोडावी लागली. लहान वाहनात हा वाढीव खर्च अधिक जाणवतो. मारुतीने सुपर कॅरी हे वाहन २०१६ मध्ये ७९३ सी.सी. डिझेल इंजिनासह आणले होते. आता ते पेट्रोल आणि सीएनजीवर चालते. २००५ मध्ये केवळ डिझेलवर सुरू झालेला टाटा एस आज पेट्रोलमध्येही मिळतो. उत्पादकांनीच लहान वाहनांत पेट्रोलकडे मोर्चा वळवला, यामागे हेच अर्थकारण आहे.

इंजिनातील मूळ फरक

डिझेल इंजिनात हवा सुमारे सोळा ते अठरा पट दाबली जाते, पेट्रोल इंजिनात साधारण दहा पट. अधिक दाबामुळे इंधनातील उष्णतेचा मोठा हिस्सा कामाला लागतो. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून किंचित अधिक ऊर्जा असते. डिझेल वाहन लिटरला अधिक अंतर कापते ते या दोन कारणांनी.

शेतमालाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब म्हणजे ओढ, अर्थात टॉर्क. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर भरपूर ओढ देते. भरलेले वाहन चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढते. पेट्रोल इंजिनाला तेवढ्याच कामासाठी फेऱ्या वाढवाव्या लागतात आणि फेऱ्या वाढल्या की इंधनही वाढते. म्हणून रिकाम्या वाहनाच्या अ‍ॅव्हरेजची तुलना दिशाभूल करते. सपाट रस्त्यावर रिकामे असताना दोन्ही वाहने जवळजवळ सारखी वाटतील. टोमॅटोचे चाळीस क्रेट भरून कसारा घाट चढताना किंवा हिमाचलमधील सफरचंदाच्या बागेतून मुख्य रस्त्यापर्यंत येताना फरक उघड होतो. अर्थात सफरचंदाचे वाहन बागेतून माल घेऊन बहुतेक उतारच उतरते. चढण भरल्या वाहनाने आहे की रिकाम्या, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

हिशेब किलोमीटरमध्ये करावा

समजा, एका ठिकाणी पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे. भारासह पेट्रोल वाहन लिटरला १५ कि.मी. आणि डिझेल वाहन १८ कि.मी. चालते. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ७ रुपये येतो, डिझेलचा ५ रुपये. बचत २ रुपयांची. मात्र डिझेल वाहनाला अधिक ऑइल, महाग फिल्टर आणि महाग सुटे भाग लागतात. त्यासाठी किलोमीटरमागे ५० पैसे वजा केल्यास निव्वळ बचत दीड रुपया उरते.

आता खरेदीकडे पाहू. डिझेल वाहन ८०,००० रुपयांनी महाग आहे आणि ही वाढीव रक्कम घटत्या शिलकीवर ११ टक्के दराने चार वर्षांच्या कर्जातून येते, असे धरल्यास व्याजासह सुमारे ९९,००० रुपये जातात. भागिले दीड रुपया, म्हणजे ६६,००० कि.मी. इतके अंतर कापल्यानंतरच डिझेल वाहन खऱ्या अर्थाने स्वस्त पडू लागते.

हा ६६,००० चा आकडा दोन शेतकऱ्यांना दोन वेगळी उत्तरे देतो. हरियाणातील सोनीपत परिसरातील भाजीपाला उत्पादक दिल्लीच्या आझादपूर बाजारात रोज जाऊन-येऊन ८० कि.मी. चालतो आणि वर्षातले ३०० दिवस जातो, असे धरू. त्याचे वर्षाला २४,००० कि.मी. होतात. पावणेतीन वर्षांत त्याचा वाढीव खर्च वसूल होतो. याउलट जुन्नर तालुक्यातील शेतकरी पंधरा कि.मी.वरील नारायणगाव उपबाजारात तेवढेच दिवस माल नेत असेल, तर वर्षाला ९,००० कि.मी. होतात आणि वसुलीला सात वर्षे चार महिने लागतात. कर्ज चार वर्षांत फिटेल. डिझेलचा फायदा मात्र त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळाने सुरू होईल.

दर बदलले तर? डिझेल ९० वरून १०० रुपयांवर गेले आणि पेट्रोल १०५ वरच राहिले, तर निव्वळ बचत ९४ पैशांवर येते आणि सीमा सुमारे १ लाख ५ हजार कि.मी.पर्यंत सरकते. इंधन दरातील दहा रुपयांच्या फरकाने निर्णय एवढा हलतो. म्हणून ज्याचे वार्षिक अंतर सीमारेषेजवळ आहे, त्याने कमी कर्जाचा पर्याय घेतलेला बरा.

लहान फेऱ्या आणि काजळीची गाळणी

वरील हिशेबात न येणारी आणि रोजच्या वापरात सर्वाधिक त्रास देणारी बाब म्हणजे धुराच्या नळीतील काजळीची गाळणी, ज्याला कार्यशाळेत डीपीएफ म्हणतात. ही गाळणी धुरातील काजळी अडवते आणि साठलेली काजळी ठरावीक काळाने जाळून टाकते. जाळण्यासाठी धुराचे तापमान सुमारे ५५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते. मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे सलग चाललेल्या वाहनात हे काम चालकाच्या नकळत होते.

दूध संकलनाचे वाहन मात्र दर पाचशे मीटरवर थांबते. बाजाराच्या दारात वाहनांची रांग लागते, इंजिन सुरूच राहते, पुढचे वाहन सरकले की चार हात पुढे जायचे. अशा वापरात गाळणी तापत नाही आणि काजळी साठत जाते. काजळी जाळण्यासाठी वाहन स्वतःहून अधिक डिझेल फवारते. इंजिन मध्येच बंद केल्यास त्यातील काही डिझेल ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पट्टी काढून पाहिल्यावर पातळी वाढलेली दिसते. अनेक चालकांना ते चांगले लक्षण वाटते, प्रत्यक्षात ऑइल पातळ होऊन इंजिनाची झीज सुरू झालेली असते. गाळणीचा दिवा लागल्यावर तो दुर्लक्षित न करता वाहन महामार्गावर अर्धा तास सलग चालवावे. तरीही दिवा राहिला, तर अधिकृत कार्यशाळेत न्यावे. सर्वच छोट्या वाहनांतील यंत्रणा एकसारखी नसते. म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्याला तीन प्रश्न जरूर विचारावेत: गाळणी आहे का, ती कशी स्वच्छ होते आणि बदलण्याचा खर्च किती?

काही मोठ्या पिकअपमध्ये नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी डीईएफ नावाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया असतो. ‘युरिया’ हा शब्द ऐकून गोणीतील खत पाण्यात विरघळवून टाकण्याचा मोह शेतकऱ्याला होणे स्वाभाविक आहे. असे कदापि करू नये. खताचा युरिया निंबोळी तेलाचे आवरण दिलेला असतो. त्यातील तेल आणि अशुद्धी महागडा उत्प्रेरक निकामी करतात. शिवाय अनुदानित खत शेतीबाहेर वापरणे हा खत नियंत्रण आदेशाचा भंग ठरतो. विस्तार कार्यकर्त्यांनी ही एक गोष्ट प्रत्येक बैठकीत आवर्जून सांगावी.

घरचे डिझेल, बाहेरचे पेट्रोल

ट्रॅक्टर आणि सिंचन इंजिनासाठी शेतावर डिझेल असतेच. वाहनही डिझेलचे असल्यास एकाच पिंपातून काम भागते, असा युक्तिवाद केला जातो. तो पोकळ नाही. पेट्रोलियम नियमांनुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याविना केवळ ३० लिटरपर्यंत ठेवता येते, डिझेलला पुष्कळ मोकळीक आहे. पण पिंपातील डिझेल जुन्या ट्रॅक्टरला चालते म्हणून नव्या पिकअपला चालेल, असे नाही. कॉमन रेल इंजिनातील फवारणी नळ्यांची छिद्रे अतिशय बारीक असतात. पिंपाच्या तळाशी जमलेले पाणी आणि धूळ त्यांना बाधते आणि एका नळीची दुरुस्ती वर्षभराची इंधन बचत गिळू शकते. पिंपातून भरायचेच असेल, तर तळाचे डिझेल सोडून द्यावे आणि पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरमधील पाणी नियमित काढावे.

पेट्रोलच्या बाजूने पाहता आता सर्वत्र २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये लिटरमागील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असल्याने अ‍ॅव्हरेज काहीसे घटते. ऊस आणि मका उत्पादकाला इथेनॉलमधून जो लाभ होतो, त्याचा थोडा हिस्सा तोच शेतकरी टाकीत परत भरतो म्हणायचे! जुने पेट्रोल वाहन विकत घेताना त्याच्या रबरी नळ्या या मिश्रणाला योग्य आहेत का, हे तपासावे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे हंगाम संपल्यावर महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या वाहनात इंधन साठवून ठेवू नये.

दिल्ली परिसरातील शेतकऱ्यासाठी आणखी एक अट आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल वाहनांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे न्यायालयाने तिच्या अंमलबजावणीत बदल केले आहेत, म्हणून वापरलेले वाहन घेताना आरटीओकडून ताजी स्थिती समजून घ्यावी. सोनीपतच्या ज्या शेतकऱ्याला हिशेब डिझेलकडे नेतो, त्यालाच ही अट सर्वाधिक लागू पडते. तो पावणेतीन वर्षांत खर्च वसूल करतो, त्यामुळे नवे वाहन त्याला परवडते. आठ वर्षे जुने स्वस्त डिझेल वाहन मात्र त्याने टाळावे.

गावाजवळ सीएनजी पंप असल्यास पेट्रोल-सीएनजी वाहनाचा तिसरा रकाना याच तक्त्यात मांडावा. टाक्यांच्या वजनाइतकी भारक्षमता कमी होते, हे लक्षात ठेवावे.

विस्तार कार्यकर्त्याने शेतकऱ्याला वाहन सुचवण्यापूर्वी पंधरा दिवसांची नोंदवही भरण्यास सांगावे: रोजचे अंतर, भरलेला भार, सलग न थांबता चाललेला सर्वांत मोठा टप्पा आणि बाजाराच्या रांगेत गेलेला वेळ. भाड्याने माल पाठवणाऱ्याला हे चारही आकडे चालकाकडून मिळतात. खरेदीपूर्वीची चाचणी फेरी विक्रेत्याच्या दालनासमोरच्या रस्त्यावर रिकाम्या वाहनाने न घेता स्वतःचे क्रेट भरून, स्वतःच्या बाजाराच्या वाटेवर घेण्याचा आग्रह धरावा.