इंटरफेरॉन : पेशींनी निर्मिलेले संरक्षक द्रव्य

एका सजीवाचे जनुक दुसऱ्या सजीवात नेऊन ठेवता येते, ही गोष्ट जालना जिल्ह्यातील कापूस उत्पादकास आता नवलाची राहिलेली नाही. २००२ साली देशात लागवडीस मान्यता मिळालेले बीटी कापसाचे पहिले संकरित वाण जालन्याच्याच महिको या बियाणे कंपनीचे होते. मातीतील एका जीवाणूचे जनुक त्यात घातलेले होते. शेंदरी बोंडअळीने पुढे त्या कापसालाही दाद दिली नाही, हा भाग निराळा. परंतु याच तंत्राचा उलट प्रयोग, म्हणजे मानवी जनुक जीवाणूत नेण्याचा, वैद्यकशास्त्रात त्याच्या वीस वर्षे आधीच यशस्वी झाला होता. त्यातून हाती आलेल्या औषधांपैकी एक म्हणजे इंटरफेरॉन होय.

या द्रव्याचा शोध १९५७ साली लंडन येथे ॲलिक आयझॅक्स व जाँ लिंडेनमान यांनी लावला. कोंबडीच्या अंड्यातील गर्भावरणावर त्यांनी उष्णतेने निष्प्रभ केलेले इन्फ्लुएंझाचे विषाणू सोडले. त्या पेशींतून जे प्रथिन पाझरले, त्याने ताज्या पेशींनाही जिवंत विषाणूंपासून संरक्षण दिले. गावात चोर शिरल्यावर पहिल्या घराने आरोळी ठोकावी आणि शेजाऱ्यांनी कड्या लावून घ्याव्यात, तसाच हा प्रकार आहे. बाधित पेशी स्वतः बहुधा वाचत नाही. परंतु तिने सोडलेले इंटरफेरॉन शेजारच्या पेशींना जाऊन चिकटते, आणि त्या पेशी विषाणूंची वाढ रोखणारी विकरे तयार करून ठेवतात. फ्ल्यूमध्ये येणारी कणकण आणि अंगदुखी बऱ्याच अंशी या द्रव्यामुळेच असते.

अडचण होती ती पुरवठ्याची. कोंबडीचे इंटरफेरॉन माणसाला उपयोगी पडत नाही. त्यासाठी मानवी पेशीच हव्यात. फिनलंडचे कारी कँटेल यांनी रक्तदात्यांच्या रक्तातील श्वेतपेशी वेगळ्या काढून, त्यांना विषाणूची बाधा करून हे द्रव्य मिळविले. १९७० च्या दशकात जगाची गरज मुख्यतः याच मार्गाने भागे. असंख्य बाटल्या रक्त खर्ची पडे आणि हाती येणाऱ्या द्रव्यात शुद्ध इंटरफेरॉनचा अंश शेकडा एकाच्या आसपासच असे.

१९८० मध्ये झुरिचचे चार्ल्स वाइसमान यांच्या गटाने मानवी इंटरफेरॉनच्या जनुकाची प्रत ई. कोलाय या जीवाणूत बसविली. हा जीवाणू अनुकूल स्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. पोलादी टाक्यांमध्ये पोषक द्रवात त्याची वाढ करावयाची, नंतर पेशी फोडून प्रथिन वेगळे काढावयाचे व टप्प्याटप्प्याने शुद्ध करावयाचे, अशी ही पद्धती आहे. रक्तदात्यांची गरज उरली नाही. भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने २००२ साली आपले इंटरफेरॉन बाजारात आणले.

हे औषध कर्करोगावरील रामबाण ठरेल, अशी हवा एके काळी निर्माण झाली होती. ती आशा फोल ठरली. तथापि १९८६ साली अमेरिकेत एका विरळ रक्तकर्करोगासाठी त्यास मान्यता मिळाली. पुढे यकृतदाहाच्या बी व सी या प्रकारांत, आणि त्याचाच बीटा प्रकार मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जाविकारात वापरला जाऊ लागला. सी प्रकारच्या रुग्णास सहा महिने ते वर्षभर इंजेक्शने घ्यावी लागत. ताप, गळून जाणे, रक्तपेशी घटणे, क्वचित तीव्र खिन्नता, असे त्रास होत. कित्येकांनी उपचार मध्येच सोडले. शिवाय औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. मराठवाड्यातील चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात खेड्यावरील कुटुंबास ते सांभाळणे किती जिकिरीचे, हे सांगावयास नको.

यकृतदाह सी साठी आता ही इंजेक्शने सहसा लागत नाहीत. विषाणूवर थेट परिणाम करणाऱ्या गोळ्या साधारणतः बारा आठवडे घेतल्यास शेकडा ९० हून अधिक रुग्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमाखाली तपासणी व या गोळ्या विनामूल्य मिळतात. ज्यांना पूर्वी वारंवार रक्त द्यावे लागले, अशांनी रक्त तपासून घेणे इष्ट. कारण हा रोग वर्षानुवर्षे लक्षणांवाचून यकृत पोखरत राहतो. बी प्रकारावर मात्र समूळ बरे करणारे औषध अद्याप नाही. त्यावरील लस यीस्टच्या पेशींत जनुक बसवूनच तयार होते आणि ती बाळास जन्मानंतर २४ तासांच्या आत टोचावी लागते.