पाणी घालताच गढूळ!

प्रश्न : मुलाने स्कॉटलंडहून २१ वर्षं मुरलेली सिंगल माल्ट आणली. लेबलवर डिस्टिलरीपेक्षा ‘केडनहेड’ हेच नाव ठळक. पाणी घातलं तर गढूळ झाली. बनावट तर नाही?

उत्तर : तेवढ्यावरून शंका नको. केडनहेड हे १८४२ पासूनचं नाव. ही मंडळी इतरांच्या डिस्टिलरीत तयार झालेल्या व्हिस्कीची पिंपं घेऊन आपल्या नावाने बाटल्या भरतात. व्हिस्की थंड करून गाळलेली नसली की पाण्याने तिच्यातले तेलकट घटक दिसू लागतात. जिभेवरचा गुळगुळीतपणा बराचसा त्यांचाच. लेबलवर अल्कोहोलचं प्रमाण पाहा. पन्नास टक्क्यांच्या वर असेल तर नाक पेल्यात खुपसू नका, झिणझिण्या येतील. आधी कोरा घोट, मग चमच्याने थेंब-थेंब पाणी. बर्फाने वास दबतो. एकवीस वर्षांचं मात्र फार कौतुक नको. पिंपात जास्त राहिलेली व्हिस्की लाकडाने तुरटही होते. सोडा? दुसऱ्या बाटलीत घाला.