रोजची डिस्क तपासणी बंद करण्याआधी

संगणक सुरू केला, की विंडोजच्या चिन्हाखाली ओळ येते: ड्राइव्ह तपासली जात आहे, टाळायचे असेल तर कोणतेही बटण दाबा. मग टक्क्यांचा आकडा रेंगाळत पुढे सरकतो. काउंटरवर गिऱ्हाईक ताटकळत असेल, तर बोट आपसूक बटणावर जाते. हे रोजचेच झाले, की माणूस ती तपासणी कायमची बंद कशी करायची ते विचारू लागतो.

आमच्या भागातल्या एका डीटीपीवाल्यानेही तेच विचारले. ऐन लग्नसराई, पत्रिकांची कामे साचलेली. ओळखीच्या एका मुलाने कमांड प्रॉम्प्ट उघडून सीएचकेएनटीएफएस ही आज्ञा दिली, पुढे तिरकी रेघ, एक्स आणि ड्राइव्हचे अक्षर. दुसऱ्या दिवसापासून संगणक तडक सुरू होऊ लागला. दुकानात सगळ्यांना हायसे वाटले.

काही आठवड्यांनी जुन्या पत्रिकांच्या फायली उघडेनाशा झाल्या. नंतर एका शाळेच्या वार्षिक अंकाची अर्धी पाने गेली, आणि शेवटी संगणक सुरूच होईना. डेटा परत मिळवून देणाऱ्याने बरेच काही वाचवले, पण फायलींची नावे गेली होती. आकडेच नाव झालेल्या शेकडो फायली एकेक उघडून ओळखत बसलेला तो माणूस मी पाहिला आहे. तो ताप आणखी कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे सविस्तर.

ड्राइव्हच्या रचनेत गडबड आढळली, की विंडोज तिच्यावर ‘डर्टी’ अशी खूण करून ठेवते. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना ती खूण दिसली, की तपासणी लागते. वरच्या आज्ञेने खूण पुसली जात नाही, फक्त संगणक तिच्याकडे पाहायचे सोडून देतो. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली एनटीएफएस रचना आपल्या बदलांची नोंद ठेवते. त्यामुळे मध्येच वीज गेली, तरी ती बहुतेक वेळा त्या नोंदीवरून स्वतःला सावरते. म्हणूनच एनटीएफएस ड्राइव्हवर तपासणी पूर्ण होऊनही रोज पुन्हा लागत असेल, तर कुठेतरी नव्याने बिघडते आहे. ते कुठे, हे आधी शोधले पाहिजे.

सुरुवात इव्हेंट व्ह्यूअरपासून करावी. तिथल्या सिस्टिमच्या नोंदींत ‘डिस्क’ नावाखाली ७ क्रमांक दिसला तर बॅड सेक्टर आहे; ‘एनटीएफएस’ नावाखालचा ५५ क्रमांक म्हणजे रचना बिघडली आहे. मग क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी ‘स्मार्ट’ नोंद ठेवते ती वाचावी. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. पहिली स्कॅन त्रुटी आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, त्रुटी नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या ठळक चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. तेव्हा सगळे हिरवे दिसले, तरी बॅकअप हवाच.

दोष दर वेळी डिस्कचाच असतो असेही नाही. एका वाचनालयाच्या संगणकात फक्त सीआरसी त्रुटींचा आकडा वाढत होता. साटा केबल बदलली आणि तपासणी आपोआप थांबली. लिनक्सच्या संगणकात मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला, की घड्याळ मागे पडते. मग डिस्कवरची शेवटची नोंद ‘भविष्यातली’ दिसते आणि त्यावरूनही तपासणी लागू शकते. पूर्वी लिनक्समध्ये ठरावीक वेळा डिस्क जोडली गेली किंवा १८० दिवस उलटले, की तपासणी होई. २०११पासून नव्या डिस्कवर ती मुळात बंदच असते. पण ही मुदत बदलणाऱ्या लिनक्सच्या साधनाच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट इशारा आहे: खराब डिस्क, केबल किंवा मेमरीमुळे रचना बिघडूनही तशी खूण उमटेलच असे नाही.

एका प्रसंगी मात्र बटण दाबून तपासणी टाळणेच शहाणपणाचे. डिस्क खडखडत असेल, नोंदींत बॅड सेक्टर दिसत असतील आणि बॅकअप नसेल, तर आधी फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. कारण तपासणीत होणाऱ्या दुरुस्तीचा भर रचना सुसंगत करण्यावर असतो. त्या नादात तुटलेले तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकले जातात. शिवाय तपासणीचा जादा ताण मरू घातलेल्या डिस्कला पेलेलच असे नाही. एक्सची आज्ञा अशा वेळी तात्पुरती द्यायला हरकत नाही. दोन ड्राइव्ह वगळायच्या असतील तर दोन्ही अक्षरे एकाच आज्ञेत लिहावीत, कारण नवी आज्ञा जुनीला रद्द करते. काम झाले, की एक्स आणि ड्राइव्हच्या अक्षराऐवजी फक्त डी लिहून मूळ स्थिती परत आणावी.

तपासणी पूर्ण होऊ दिलीत तर तिचा अहवालही वाचा. तो इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन विभागात ‘विनइनिट’ या नावाखाली, १००१ क्रमांकाने सापडतो. त्यातली बॅड सेक्टरची ओळ शून्य किलोबाइट दाखवत असेल तर ठीक. आकडा असेल तर तो तारखेसह वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या अहवालातल्या आकड्याशी ताडून पाहा. तो वाढलेला दिसला, तर त्याच दिवशी नवी डिस्क आणा.