नोकरी गेली, तरी पोटगीचा आदेश चालूच राहतो

प्रश्न : मी बोरगाव मेघेला राहतो. आठ वर्षांच्या मुलीसाठी दरमहा ६,००० रुपये पोटगीचा आदेश आहे. नऊ महिन्यांपूर्वी कारखान्यातलं कंत्राटी काम सुटलं. मुलीची आई फोनवर म्हणाली, ‘जमेल तेवढं द्या.’ म्हणून कधी दोन हजार, कधी दीड हजार रोख दिले. आता कोर्टातून ५४,००० रुपयांच्या वसुलीची नोटीस आली आहे. सध्या भाड्याचा ऑटो चालवतो. नोकरी गेली त्या तारखेपासून पोटगी कमी करून मागची थकबाकी माफ करून घेता येईल का?

उत्तर : त्या आशेवर राहू नका. बदललेल्या परिस्थितीमुळे पोटगी कमी करता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यासाठी कलम १२७ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६ आहे. पण कपात मिळालीच, तर ती सहसा अर्जाच्या किंवा निकालाच्या तारखेपासून मिळते. म्हणून विचारायला हवं होतं ते हे, की अर्ज आज देता येईल का? येईल. ज्या कोर्टाचा आदेश आहे, तिथेच.

तुम्ही लिहिलं नाही, पण खरी धास्ती वॉरंटची आहे. पुरेसं कारण नसताना पोटगी थकवली, तर प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. नोकरी गेल्याचे कागद इथे कामी येतात. रक्कम का थकली हे त्यांतून दिसतं, हप्ते मागता येतात. रक्कम मात्र पुसली जात नाही. म्हणून नोटिशीच्या तारखेला हजर राहा.

आता ज्या चुकीत माणसं बुडताना मी पाहिली आहेत, तिच्याबद्दल. ती चूक म्हणजे फोनवरची सवलत. मुलीची आई त्या दिवशी मनापासून बोलली असेल. पण आदेश कोर्टाचा आहे, तो फोनवर बदलत नाही. तुम्ही दोन हजार देत होतात, तरी कोर्टाच्या हिशेबात दर महिन्याला सहा हजारच चढत होते. रोख दिल्यामुळे ते दोन हजारही सिद्ध करणं अवघड. ‘दुसरी नोकरी लागली की बघू’ म्हणत नऊ महिने गेले, आणि कपात मिळू शकणारे महिने हातचे गेले. सवलत खरी असेल तर दोघांच्या सह्यांची पुरसीस (लेखी निवेदन) कोर्टात दाखल करून आदेशात बदल करून घ्यायचा असतो. यापुढे एक रुपयाही रोख देऊ नका. बँकेतून पाठवा किंवा कोर्टात भरा. आणि अर्ज दिला म्हणजे जुना आदेश थांबला, असंही समजू नका.

काम नसल्याच्या मुद्द्याकडे कोर्ट कसं पाहतं, हे ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या पोटगीच्या खटल्यात दिसतं. तो नागपूरच्या कुटुंब न्यायालयातूनच वर गेला होता. पतीने काम नसल्याचं सांगितलं, तरी ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम पोटगी कायम ठेवली आणि पत्नीची थकबाकी १२ आठवड्यांत भरायला लावली. उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र दोन्ही बाजूंनी द्यायचं, हा नियमही त्याच निकालातला. शपथपत्रात ऑटोची कमाई लपवू नका. पीएफ काढला असेल तर तोही लिहा. तो पैसा कुठे गेला, हे विचारलं जाईलच.

कैद भोगून थकबाकी फिटते म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे. पोटगी टाळण्यासाठी मुलीचा ताबा मागा म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. तो तर मुलीवर अन्याय आहे.

काम सुटल्याचं पत्र, शेवटच्या पगारपावत्या, पीएफचा उतारा आणि बँकेचं पासबुक घेऊन वर्ध्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल, तर वकील मोफत मिळतो. वसुलीच्या अर्जाला उत्तर आणि कपातीचा अर्ज, दोन्ही याच आठवड्यात दाखल करा. आणि जी काही रक्कम जमेल ती आजच बँकेतून पाठवा. ते पैसे तुमच्या मुलीच्या जेवणाचे आणि शाळेचे आहेत.