उन्हाळी शिबिर आणि उष्णतेचा जमाखर्च

वार्षिक परीक्षा आटोपल्या की एप्रिल-मे महिन्यांत ठिकठिकाणी विद्यार्थ्यांची शिबिरे भरतात. कोणी गावाबाहेरच्या मैदानात तंबू ठोकतात, कोणी शाळेच्या वा विहाराच्या आवारात मांडव घालतात. व्याख्याने कोणाची ठेवावीत, समारोपास पाहुणे कोण बोलवावेत, यांची चर्चा महिनाभर चालते. परंतु दुपारी दोन वाजता मुले कोठे बसतील, काय पितील आणि रात्री कशी झोपतील, याचा विचार बहुधा आदल्या दिवशी होतो. वास्तविक शिबिराचे यश प्रथम यावरच अवलंबून असते. जीव कासावीस झालेल्या मुलाच्या डोक्यात व्याख्यान शिरत नाही. आणि उष्माघात झाला तर प्रश्न प्राणाचाच येतो. म्हणून या विषयाची थोडी शास्त्रीय व थोडी व्यवहारी माहिती आम्ही येथे देत आहोत.

शरीर थंड कसे राहते?

आपल्या शरीराचे आतील तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे लागते. आम्ही बँकेतील माणसे. आम्हाला हा विषय जमाखर्चाच्या वहीसारखा दिसतो. अन्नाचे पचन व स्नायूंची हालचाल यांतून शरीरात उष्णता सतत जमा होत असते. ऊन, तापलेली जमीन व तापलेले छप्पर त्यात भर घालतात. जेवढी जमा होते तेवढी बाहेर गेली नाही तर शिल्लक वाढत जाते. शिल्लक वाढणे हे संकटाचे लक्षण ठरावे, अशी ही एकच वही असेल!

हवा थंड असते तेव्हा त्वचेवरून उष्णता आपोआप हवेत जाते. उन्हाळ्यात त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या सुमारास असते. हवा त्याहून तापली की हा मार्ग बंद होतो. उलट हवाच शरीराला तापवू लागते. मग उरतो तो घाम. एक लिटर घाम अंगावर वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. येथे ‘वाळला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ठिबकून मातीत पडलेला घाम पाणी व मीठ नेतो, उष्णता फारशी नेत नाही. तेव्हा घाम येण्यासाठी पाणी आणि घाम वाळण्यासाठी वारा, हे सूत्र लक्षात ठेवावे. बाहेरून उष्णता जमा होऊ नये म्हणून सावली हवी, हे ओघानेच आले.

विदर्भ वेगळा, कोकण वेगळे

नागपूर, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेथील हवा कोरडी असते. घाम येताक्षणी वाळतो, त्यामुळे अंगातून किती पाणी गेले ते कळतच नाही. अशा ठिकाणी ओले कापड, वाळ्याचे पडदे, पाणी शिंपडणे व कूलर यांचा चांगला उपयोग होतो. माठातील पाणी गार होते त्याच नियमाने हवाही गार होते. मात्र हवा ४० अंशांच्या वर असताना कोरड्या अंगावर नुसता पंखा फिरवू नये. तो गरम झळाच आणून सोडतो. अंग ओलसर करावे आणि मग वारा घ्यावा.

कोकणपट्टीवर स्थिती उलट आहे. पारा ३५ अंशांच्या आसपास असला तरी हवा दमट असल्याने घाम वाळत नाही. तेथे पाणी शिंपडून बंद मांडवातील दमटपणा वाढवू नये. चारी बाजू मोकळ्या ठेवाव्यात, वारा खेळू द्यावा.

म्हणूनच पाऱ्याच्या आकड्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. हवामान खाते सपाट प्रदेशात ४० अंशांखाली उष्णतेच्या लाटेचा विचार करीत नाही. किनारपट्टीवर मात्र ही मर्यादा ३७ अंश आहे. शिवाय खात्याचे आकडे सावलीतील असतात, उन्हात बसलेल्या माणसाला त्याहून अधिक सोसावे लागते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे मोकळ्या मैदानात मोठा समारंभ झाला. त्या दिवशी पारा ४० अंशांच्या आतच होता. तरीही तासन् तास उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जण प्राणास मुकले. प्रत्येक संयोजकाने ही घटना स्मरणात ठेवावी.

जागा आणि तंबू

जागा पाहण्यास सकाळी जाऊ नये. दुपारी तीन वाजता जावे. त्या वेळी सावली कोठे पडते व वारा कोठून येतो, ते डोळ्यांनी पाहावे. काळा कातळ व सिमेंटचे अंगण दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते परत देतात. गवत असलेली मातीची जमीन चांगली. चिंच, कडुनिंब, आंबा यांची राई मिळाली तर उत्तमच. नदीचे कोरडे पात्र मात्र टाळावे, कारण वळवाच्या पावसाने वरून लोंढा येऊ शकतो. मैदानातील एकट्या झाडाचा आसरा विजा चमकत असताना घेऊ नये. ऐपत असल्यास उंचावरील ठिकाण निवडावे. हजार मीटर चढले की हवा सुमारे ६ अंशांनी थंड होते. सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदरा याच कारणाने वऱ्हाडातील लोकांना जवळचे वाटते.

नायलॉनचा बंद तंबू दुपारी भट्टीसारखा तापतो. तो झोपण्यापुरता वापरावा. दिवसा त्याची दोन्ही दारे उघडी ठेवावीत. तंबूवर हातभर अंतर सोडून पांढरी चादर किंवा ताडपत्री ताणली तर मधल्या फटीतून वारा वाहतो आणि ताप पुष्कळ कमी होतो. पत्र्याच्या शेडखाली बसणे भाग असेल तर पत्र्याच्या खालून गोणपाट किंवा तट्ट्या बांधाव्यात. रात्री सुंभाची बाज मिळाल्यास तिच्यावर झोपावे. खालून वारा लागतो आणि विंचवाचे भय कमी होते. कपडे सुती, सैल व फिके असावेत. डोक्यावर टोपी किंवा ओला रुमाल असावा.

पाणी

पिण्यासाठीच माणशी रोज किमान ५ लिटर पाणी धरावे. म्हणजे पन्नास मुलांना दिवसाला २५० लिटर, आणि आंघोळ-स्वयंपाकाचे निराळे. अंदाजपत्रकात हार-तुऱ्यांच्या अगोदर हा आकडा लिहावा. माठ बसण्याच्या जागेजवळ ठेवावेत. पाण्यासाठी परवानगी मागावी लागणे ही शिस्त नव्हे. तहान लागण्याची वाट न पाहता तासातासाने पाणी देण्याची पाळी लावावी. लघवी गडद पिवळी होणे ही पाणी कमी पडल्याची खूण आहे, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

घामाबरोबर मीठही जाते, म्हणून ताक, कैरीचे पन्हे, कोकम सरबत, आंबील यांत मीठ घालून द्यावे. जलसंजीवनीची पाकिटे नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, ही समजूत सोडून द्यावी.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आम्हास आवश्यक वाटते. शौचालयाची नीट सोय नसली की मुली दिवसभर पाणी पिणेच टाळतात. त्या तक्रार करीत नाहीत, आणि संयोजकांच्या ते ध्यानीही येत नाही. तेव्हा मुलींसाठी जवळ, आडोशाची, पाणी व उजेड असलेली सोय करणे हाही उष्माघातापासून बचावाचाच भाग आहे.

वेळापत्रक

कवायत, श्रमदान व खेळ सकाळी आठच्या आत संपवावेत. बारा ते चार या वेळात सावलीत वाचन, गटचर्चा किंवा विश्रांती ठेवावी. शरीराला उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत कष्टाची कामे कमी ठेवावीत. चुलीपुढे राबणाऱ्या स्वयंपाकी भगिनी आणि धावपळ करणारे स्वयंसेवक यांची उष्णता सर्वांत अधिक जमा होते, आणि पाणी विचारायचे नेमके त्यांनाच राहून जाते. त्यांच्या पाळ्या बदलाव्यात.

धोका कसा ओळखावा?

चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, फार घाम व थकवा ही पहिली सूचना. अशा मुलाला सावलीत आडवे करावे, पाय थोडे उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत, अंग पुसून वारा घालावा व थोडे थोडे मीठ-साखरेचे पाणी पाजावे. परंतु मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या देऊ लागले, शुद्ध हरपली किंवा आचके आले, आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान अशा वेळी ४० अंशांच्या वर गेलेले असते. घाम असला तरी फसू नये. ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत स्वस्थ न बसता अंगावर पाणी ओतून जोराने वारा घालीत राहावे. मान, काखा व जांघा येथे बर्फ ठेवावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगी पडत नाही. गाडी येण्यापूर्वीची मिनिटेच बहुधा निर्णायक ठरतात.

यांपैकी बहुतेक गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. दुपारी तीनला जागा पाहणे, माठ जवळ ठेवणे, वेळापत्रक दोन तास अलीकडे ओढणे, एवढे तर कोणतीही संस्था करू शकते. आईबाप आपले मूल आठ दिवसांसाठी आपल्या स्वाधीन करतात, ती ठेव आहे. ती जशी घेतली तशी, किंबहुना अधिक टवटवीत, परत करणे हे संयोजकांचे पहिले कर्तव्य होय. यंदाच्या शिबिराच्या पहिल्याच बैठकीत कार्यकर्त्यांनी व विद्यार्थ्यांनी या मुद्द्यांची यादी करावी आणि प्रत्येक मुद्द्यापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.