संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर : आधी ताळा, मग काम



आपल्या घरांतील मुले-मुली आज एम. ए., एम. एस. डब्ल्यू., पीएच. डी.पर्यंत शिकत आहेत. प्रबंधासाठी प्रश्नावल्या भरून घ्याव्या लागतात व त्यांतील आकड्यांचे विश्लेषण संगणकावर करावे लागते. माझ्या पुतणीने एका वस्तीतील १२० कुटुंबांची माहिती अशीच गोळा केली होती. कोणीतरी तिला एका महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत पेन ड्राइव्हवर दिली व ‘बसविताना अँटिव्हायरस बंद ठेव’ असे सांगितले. तिने तसे केले. दुसऱ्या दिवशी संगणकावरील एकही फाइल उघडेना. कागदी प्रश्नावल्या जपून ठेवल्या होत्या म्हणून निभावले. परंतु सर्व आकडे पुन्हा भरण्यात तीन आठवडे गेले.

बँकेत चेक आला की आम्ही आधी सही ताडून पाहतो, मगच रक्कम देतो. सॉफ्टवेअरलाही हाच नियम लावावा.

मुळात चोरट्या प्रतीची गरजच नाही. ‘आर’ हे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी ते तयार केले. १९९५ पासून ते मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले आहे. त्यात आज्ञा टंकून काम करावे लागते. ज्यांना एसपीएसएसप्रमाणे मेनूतून काम करायचे आहे, त्यांच्यासाठी ‘पीएसपीपी’ हेही विनामूल्य आहे. येथे विंडोजवर ‘आर’ कसे बसवावे ते पाहू.

१. प्रथम आपल्या फाइलींच्या दोन प्रती काढाव्यात. त्यांपैकी एक संगणकाबाहेर ठेवावी.

२. संगणक चालेल काय, हे पाहावे. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ व त्यात ‘अबाउट’ उघडल्यावर ‘सिस्टिम टाइप’समोर ६४ बिट की ३२ बिट ते लिहिलेले असते. २०२२ मध्ये आलेल्या ४.२.० आवृत्तीपासून ‘आर’ ३२ बिट विंडोजवर चालत नाही. अशा जुन्या संगणकासाठी ४.१.३ ही शेवटची आवृत्ती घ्यावी.

३. सॉफ्टवेअर मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्यावे. ‘आर’चे अधिकृत भांडार ‘क्रॅन’ या नावाने ओळखले जाते. त्याचा पत्ता क्रॅन डॉट आर-प्रोजेक्ट डॉट ऑर्ग असा आहे. तेथे विंडोजच्या विभागात ‘बेस’ निवडावे.

४. उतरवलेल्या फाइलीचा ताळा घ्यावा. क्रॅनवर त्या फाइलीची ‘फिंगरप्रिंट’ म्हणून अंक-अक्षरांची एक माळ दिलेली असते. विंडोजमधील ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने आपल्या फाइलीची तशीच माळ काढता येते. दोन्ही जुळल्या तर फाइल जशीच्या तशी आली आहे. एकही अक्षर वेगळे निघाले तर फाइल पुसून पुन्हा उतरवावी.

५. बसविताना अँटिव्हायरस चालूच ठेवावा. तो बंद करा, असे जी सूचना सांगते तेथेच थांबावे. महाविद्यालयाचा संगणक असेल तर आधी परवानगी घ्यावी.

६. शेवटी चाचणी घ्यावी. ‘आर’ उघडून २+३ टंकावे व एंटर दाबावे. उत्तर ५ येते. त्याआधी चौकटी कंसात १ दिसतो, तो उत्तराचा भाग नव्हे. ओळीतील पहिल्या उत्तराचा तो क्रमांक आहे. नंतर पाच-सहा आकड्यांची सरासरी आधी वहीत काढावी व संगणकाशी ताडून पाहावी. दोन्ही जुळल्यावरच प्रबंधाचे आकडे भरावेत.

एक गोष्ट विशेषकरून सांगतो. आपण ज्या घरांत जाऊन उत्पन्न, आजारपण, कर्ज विचारतो, ती माणसे आपल्यावर विश्वास ठेवून उत्तरे देतात. ती माहिती म्हणजे आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे. म्हणून आकडे संगणकात भरताना नावांऐवजी क्रमांक वापरावेत व नावांची यादी वेगळी, कुलपात ठेवावी. फाइल गेली तर आकडे पुन्हा भरता येतील. परंतु एखाद्या घराची अडचण चारचौघांत गेली, तर ती परत घेता येत नाही.

घाई एका दिवसाची असते, नुकसान मात्र वर्षाचे होते. मुलांनी ही सहा कामे क्रमाने करावीत व पालकांनी ती झाली की नाही हे आवर्जून विचारावे, एवढीच विनंती.