फुलदाणीवरची सही कोणाची?

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी एक तपास झाला. तो तुम्हालाही करता येईल, म्हणून हा धडा.

आमच्या शेजारच्या अमेरिकन आजी घर रिकामे करून लेकीकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी आमच्या मुलीला काचेची एक फुलदाणी दिली. पिवळसर काच, तिच्यावर तपकिरी वेली आणि एक चतुर. मुलीने तिच्यात पेन्सिली ठेवल्या. दिवाळीत ती पुसताना वेलीखाली अक्षरे दिसली: जी, ए, एल, एल, ई आणि शेवटच्या ईवर तिरकी रेघ. म्हणजे गाले!

एमिल गाले (1846-1904) हे फ्रान्समधल्या नान्सी गावचे प्रसिद्ध काच-कलावंत. त्यांना वनस्पतिशास्त्राची आवड होती, म्हणून त्यांच्या काचेवर फुले, पाने, चतुर दिसतात. त्यांच्या अस्सल फुलदाण्या हजारो डॉलरना विकल्या जातात. झाले! घरात दोन पक्ष पडले. आई म्हणाली, "आजींना किंमत माहीत नसेल. परत द्यायला हवी." मुलगी रडकुंडीला आली, "पण त्यांनी मला दिली ना!" आम्ही इंजिनियर माणसे. म्हटले, आधी तपासू, मग भांडू.

पायरी 1: सही शेवटी, वस्तू आधी. सही खोटी करणे सोपे असते. बारीक ड्रिलने ती पाच मिनिटांत कोरता येते. न्यूयॉर्कच्या लुई कम्फर्ट टिफनींची 'एल.सी.टी.' ही अक्षरे दुसऱ्यांच्या काचेवर कोरून लोकांना फसवलेले आहे. म्हणून आधी वस्तू कशी बनली ते पाहावे.

गाले यांच्या पुष्कळ फुलदाण्यांत वेगवेगळ्या रंगांच्या काचेचे थर एकावर एक असतात. जिथे चित्र हवे तिथला वरचा थर झाकून ठेवतात आणि बाकीचा आम्लाने खाऊ देतात. मग चित्र उठून दिसते. डोळे मिटून बोट फिरवा, वेल हाताला लागली पाहिजे. नुसता रंग लावलेला असेल तर ती लागणार नाही. आमची वेल हाताला लागली. मुलगी खूश, आई गंभीर!

पायरी 2: बूड पाहा. जुनी वस्तू वर्षानुवर्षे टेबलावर सरकते, त्यामुळे बुडाच्या कडेला बारीक, वाकडेतिकडे ओरखडे पडतात. सगळे ओरखडे एकाच दिशेने असतील तर ते कोणीतरी मुद्दाम घासलेले असू शकतात. आमचे बूड जवळजवळ नवे होते.

पायरी 3: सही वय सांगते. गाले 1904 मध्ये वारले. त्यानंतर काही वर्षे त्यांच्या कारखान्याने सहीजवळ छोटी चांदणी काढली. रने लालिक 1945 मध्ये वारले. त्यानंतरच्या वस्तूंवर साधारणपणे 'आर. लालिक' नसून नुसते 'लालिक' असते. बुडावर 'चेकोस्लोव्हाकिया' लिहिले असेल तर ती वस्तू 1918 च्या आधीची असूच शकत नाही, कारण त्याआधी तो देशच नव्हता. इतिहासाचा अभ्यास असा उपयोगी पडतो!

पायरी 4: सहीच्या शेजारी पाहा. आम्ही भिंग घेतले. चांदणी नव्हती, पण तीन लहान अक्षरे होती: टी, आय, पी. मुलीने वाचले, "टिप. म्हणजे सूचना?" नाही. हा रुमानियन भाषेतला शब्द. अर्थ 'प्रकार'. इंग्रजीतला 'टाइप' आणि हा 'टिप' एकाच घरातले. आपण 'कोल्हापुरी टाइप चपला' म्हणतो ना, तसेच हे 'गाले टाइप'. रुमानियातले कारागीर गाले यांच्या पद्धतीने फुलदाण्या बनवतात आणि तसे लिहूनही देतात. फसवतो तो पुढचा माणूस, जो ही तीन अक्षरे घासून टाकतो. म्हणून सहीच्या आजूबाजूला खरखरीत किंवा खोलगट जागा लागली तर सावध व्हावे.

तर आमची फुलदाणी हजारोंची नव्हती. "आता परत द्यायला नको!" आम्ही म्हणालो. पण मुलगी म्हणाली, "तरीही आजींना सांगूया. महाग असती तर सांगणार होतो ना?" आम्ही गप्प बसलो आणि फोन लावला. आजी खूप हसल्या. म्हणाल्या, "मला माहीत होतं. आमच्या ह्यांनी सहलीत घेतली होती. त्यांच्याही पेन्सिली तिच्यातच असायच्या."

फुलदाणी पुन्हा मुलीच्या टेबलावर गेली. पेन्सिली त्याच आहेत, पण आता ती पुसायचे काम कोणाला सांगावे लागत नाही.

शब्दार्थ
बूड - भांड्याचा खालचा भाग
थर - एकावर एक असलेला पापुद्रा
आम्ल - काच किंवा धातू खाऊ शकणारे द्रव्य
भिंग - लहान वस्तू मोठी दाखवणारी काच
अस्सल - खरा, मूळचा

स्वाध्याय
1. सही सर्वांत शेवटी का पाहावी?
2. 'टिप' ही अक्षरे घासून टाकली तर फुलदाणी बदलते का? मग काय बदलते?
3. घरातल्या एका जुन्या वस्तूचे बूड पाहा. काय दिसले ते पाच वाक्यांत मराठीत लिहा. ती वस्तू घरात कशी आली, हे आजी-आजोबांना फोन करून विचारा.